दुःखाच्या घरी स्तुती गावी का?

माडावळ | शुक्रवार, रात्री १०.२०

नमस्कार. बरेच दिवस नुसती वाचत होते, धागा आज पहिल्यांदाच काढते आहे.

माझं माहेर नगरकडचं, मराठी ख्रिस्ती कुटुंब. लग्न होऊन म्हापशाला आले त्याला ११ वर्षं झाली. आजोबांपासून चालत आलेली एक सवय मी इथंही मोडू दिली नाही. सकाळी चहा चढवला की तारखेप्रमाणे नीतिसूत्रांचा एक अध्याय. अध्याय ३१, त्यामुळे खूण ठेवायची गरज पडत नाही. रात्री निजण्याआधी एक स्तोत्र आणि एक गीत. सकाळी शहाणपण, रात्री स्तुती, असं आजोबा म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी माझा धाकटा भाऊ अपघातात गेला. दफन करून परत आलो, पायाची माती अजून धुतली नव्हती, तेवढ्यात आमच्यातल्याच एका ज्येष्ठ बाईंनी माझ्या हातात गीतांचं पुस्तक ठेवलं. "रडू नकोस, स्तुती कर. तू रडलीस तर सैतान हसेल." त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या दिवसापासून साडेचार महिने माझ्या तोंडून गाणं निघालं नाही. उपासनेला उभी राहायचे, पुस्तक उघडं आणि ओठ मिटलेले. नीतिसूत्रं तेवढी सुटली नाहीत. ती वाचायची असतात, गायची नसतात, म्हणून असेल.

आता विचारायचं कारण. शेजारच्या बाईंचे यजमान परवा बुधवारी गेले. दोन लहान मुलं आहेत. मंगळवारी सातवा दिवस. आमच्या प्रार्थनागटानं ठरवलंय की त्या संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन तासभर स्तुतिगीतं म्हणायची, आणि माझा गळा बरा म्हणून सुरुवात मी करायची. नाही म्हणायला जीभ रेटत नाही आणि हो म्हणायला मन घेत नाही.

स्तुती सर्वकाळ करायची, हे मी मनापासून मानते. मग त्या घरी ती करताना माझे पाय का अडखळतात? आणि माझं ते साडेचार महिन्यांचं गप्प राहणं हा अविश्वास होता का?

पोदेराची सायकल | रात्री १०.४१

नीतिसूत्रे २७:१४ वाचा. पहाटे उठून मोठमोठ्यानं मित्राला आशीर्वाद देणाऱ्याचा आशीर्वाद शापासारखा वाटतो म्हणे. चांगली गोष्टसुद्धा वेळ पाहून करावी हे शास्त्रातच आहे.

(आमच्या घरात तीन पिढ्या पाव विकतात. वाड्यावर कुणी आजारी असलं की त्या घरासमोर आमचा बाबा भोंगा वाजवायचा नाही, उंडे गुपचूप दाराच्या पिशवीत ठेवून जायचा. हा अध्याय त्यानं कधी वाचला होता की नाही, देव जाणे.)

स्तुतियज्ञ | रात्री ११.०५

ताई, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. पण मी थोडं वेगळं सांगणार आहे, राग मानू नका.

इब्री लोकांस पत्रात १३:१५ मध्ये 'स्तुतीचा यज्ञ' असा शब्द आहे. यज्ञात काहीतरी आपलं जातं, म्हणून तो यज्ञ. सगळं ठीक चाललंय तेव्हा कुणीही गाईल. पौल आणि सीला फिलिप्पैच्या तुरुंगात होते, पाठीवर फटक्यांचे वळ होते, पाय खोड्यात अडकवलेले होते, आणि मध्यरात्री ते देवाची स्तोत्रं गात होते. प्रेषितांची कृत्ये, १६ वा अध्याय. मन होईल तेव्हा गाऊ म्हणत बसले असते तर ती रात्र तशीच गेली असती.

मी वास्कोत राहतो. ३ वर्षांपूर्वी नोकरी गेली, ८ महिने घरी होतो. बायकोनं आणि मी रोज सकाळी १०३ वं स्तोत्र म्हटलं. पहिले दोन महिने शब्द कोरडे होते, घशात अडकायचे. तरी म्हटले. मन नंतर आलं मागून. म्हणून सांगतो, मंगळवारी जा आणि गा. त्या बाईंचं मनही तुमच्या मागून येईल.

खाजन | रात्री ११.३०

@स्तुतियज्ञ, दादा, तुम्ही जे केलंत त्याला माझा नमस्कार. पण एक फरक बघा. पौल आणि सीला गात होते ते स्वतःच्या फटक्यांवर. शेजारच्या कैद्याला हलवून 'तूही गा' असं ते म्हणाले नाहीत. बाकीचे बंदिवान ऐकत होते, एवढंच लिहिलंय.

त्याच अध्यायात पुढं बघा. भूकंप होतो, दारं उघडतात, आणि कैदी पळाले असं समजून तुरुंगाचा अधिकारी तलवार उपसून स्वतःला मारायला निघतो. तेव्हा पौल गात नाही. तो ओरडून सांगतो की स्वतःला काही करून घेऊ नकोस, आम्ही सगळे इथंच आहोत. एकाच माणसाला एकाच रात्री गाणं कधी आणि 'आम्ही इथंच आहोत' कधी, हे कळलं. मला वाटतं ताईंना जे हवंय ते हे आहे.

स्तुतियज्ञ | रात्री ११.३८

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. उद्या पुन्हा वाचतो.

ओसरी | शनिवार, सकाळी ७.१५

माडावळ ताई, तुम्ही तारखेप्रमाणे वाचता ना? मग दर २५ तारखेला हे वचन तुमच्या डोळ्यांखालून गेलं असणार. नीतिसूत्रे २५:२०. दुःखी मनापुढे गाणी गाणारा कसा असतो? थंडीत दुसऱ्याच्या अंगावरचं पांघरूण काढून घेणाऱ्यासारखा, आणि सोड्यावर आंब ओतणाऱ्यासारखा.

त्या आंबीचा अर्थ पुस्तकातून कळत नाही, स्वयंपाकघरात कळतो. आपल्याकडं माडाच्या सुरेचं व्हिनेगर घरोघर असतं. मोरी धुताना खायच्या सोड्यावर ते ओतून बघा. फसफसून वर येतं, फेस होतो, आणि क्षणात बसतं. मग व्हिनेगरचा आंबटपणाही जातो आणि सोड्याचा जोरही. दोन्ही चांगल्या वस्तू, एकमेकींवर ओतल्या की दोन्ही वाया. गाणंही गेलं आणि दुःखही हलकं झालं नाही. जुन्या ग्रीक भाषांतरात तर जखमेवर आंब असंच आहे, म्हणजे आपलं जखमेवरचं मीठ.

आता स्तोत्रसंहितेबद्दल. त्या पुस्तकाचं हिब्रू नाव 'तहिल्लीम', म्हणजे स्तुती. पण आत किती रडणं आहे! १३ वं स्तोत्र 'किती वेळ?' असं चारदा विचारतं. २२ वं 'मला का सोडलंस?' असं सुरू होतं. ८८ वं तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. आणि तरी ते स्तुतीच्या पुस्तकात आहे, कुणी बाहेर काढलं नाही. म्हणजे देवासमोर उभं राहून 'किती वेळ?' विचारणं हीसुद्धा त्या पुस्तकाच्या हिशेबानं स्तुतीच. ताई, तुम्ही साडेचार महिने पुस्तक उघडून देवासमोर उभ्या होतात. घरी बसला नाहीत. त्याला मी अविश्वास म्हणणार नाही.

माडावळ | सकाळी ७.५०

भाऊ गेल्यानंतर २५ वा अध्याय मी २४ वेळा वाचला. एकदाही त्या ओळीवर थांबले नाही. आत्ता चहा उतू गेला माझा.

ठोकळी | सकाळी ९.०२

आमच्या गटात 'सर्व स्थितीत उपकारस्तुती करा' हे वचन फार फेकलं जातं (१ थेस्सलनीकाकरांस ५:१८). तिथं 'स्थितीत' आहे. दुःखात असताना देवाचे आभार माना, असं. दुःखाबद्दल माना, असं नाही.

ओसरी | सकाळी ९.२०

@ठोकळी, आवडता मुद्दा आहे, पण इतका सोपा नाही. इफिसकरांस ५:२० मध्ये पौलानंच 'सर्व गोष्टींबद्दल' म्हटलंय. दोन्ही वचनं शेजारी ठेवून जगावं लागतं. मी अजून शिकतोच आहे.

वाटा | सकाळी १०.१०

थोडं विषयांतर करते. धाग्याच्या मथळ्यात दुःख आहे, पण ताईंनी सकाळचं शहाणपणही विचारात घेतलंय, म्हणून.

माझं मासळीचं दुकान नाही, पण सासू म्हापशाच्या बाजारात ३० वर्षं बसली आणि आता कधी कधी मी बसते. नीतिसूत्रे ११:१ म्हणतं की खोट्या तराजूचा देवाला वीट येतो. आमच्याकडं तराजूच नाही! बांगडे, तारले वाट्यानं विकतात, १०-१२ नग एका ठिकाणी, भाव ठरला की वाटा उचलला. मग खोटेपणा कुठं? वरती ताठ, चकचकीत डोळ्यांचे चार बांगडे आणि खाली कालचे मऊ. तो आमचा खोटा तराजू. सासू वाटा लावताना मऊ बांगडा वरती ठेवायची, गिऱ्हाइकाला दिसेल असा, आणि म्हणायची, 'हो कालचो, धर जाल्यार धर.' लोक तिच्याकडंच यायचे.

गिऱ्हाइकालाही सोडलेलं नाही हं. २०:१४ बघा. घेणारा 'वाईट आहे, वाईट आहे' म्हणतो आणि घरी जाऊन फुशारकी मारतो. शुक्रवारच्या बाजारात हे वचन लिहून लावावंसं वाटतं.

पोदेराची सायकल | सकाळी १०.१५

सुरमई विकत घेताना मी हे पाप केलंय, कबूल. वाटा ताई, सासूबाईंना देव बरें करूं.

चिकाळें | सकाळी ११.००

मुली आणि सुना यांच्या वतीनं एक तक्रार. नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय वर्षातून सातच दिवस येतो, पण प्रवचनं मात्र सगळी त्याच्यावर! सद्गुणी स्त्री रात्री दिवा विझू देत नाही, हे आम्ही शंभरदा ऐकलं. ती शेताची पारख करून स्वतः ते विकत घेते (१६ वी ओवी), हे कुणी सांगत नाही. हिब्रूत ते २२ अक्षरांच्या क्रमानं रचलेलं काव्य आहे आणि शेवटी सांगितलंय की तिच्या कामांनीच वेशीत तिची स्तुती होवो. म्हणजे बघा, शहाणपणाचं पुस्तक संपतं तेही स्तुतीवर.

ओसरी | सकाळी ११.१२

वा! हे मी कधी जोडून पाहिलं नव्हतं.

सप्ताहकार | दुपारी १.३०

मी हिंदू, पेडण्याचा. या विषयात बोलावं की नाही असं वाटत होतं, पण मराठीचा एक धागा आहे म्हणून लिहितो. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, मूळचे इंग्लंडचे जेजुइट. साष्टीत राहिले, आणि बायबलची सगळी कथा मराठी ओव्यांत रचली. ते ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोलला छापलं गेलं, अक्षरं रोमन, भाषा मराठी. जवळजवळ ११ हजार ओव्या. आमच्या घरी ज्ञानेश्वरी वाचली जाते, त्यामुळे त्या ओव्या ऐकल्या तेव्हा परक्या वाटल्याच नाहीत. पुढं रेव्हरंड टिळकांनी अभंग लिहिले. मराठीत देवाचं स्तवन करायला ख्रिस्ती माणसाला शब्द उसने आणावे लागत नाहीत, हे मला फार मोठं वाटतं.

ताईंच्या प्रश्नावर एवढंच. आमच्याकडं सुतकात देवळात जात नाहीत, घरातली पूजासुद्धा थांबते. इतके दिवस देवाला फूल वाहिलं नाही म्हणून कुणी आम्हाला नास्तिक म्हणत नाही. देव वाट बघतो, असं आमची आजी म्हणायची.

माडावळ | दुपारी २.०५

सप्ताहकार दादा, तुम्ही बोललात हे फार बरं केलंत. टिळकांचे अभंग आजोबांना तोंडपाठ होते.

आंजेलुस | दुपारी ४.४५

मी कॅथलिक, बार्देसातली, मराठी शाळेत शिकलेली. आमच्याकडं मरणाच्या घरी सात दिवस संध्याकाळी वाडा जमतो, तेर्स म्हणजे माळेचा जप म्हणतो. माळेच्या जपात नवं काही बोलायचं नसतं, हे किती मोठं सुख आहे ते मला बाबा गेला तेव्हा कळलं. मला एक शब्द सुचत नव्हता, आणि माझ्याभोवती ४० माणसं माझ्या वाटणीचे शब्द म्हणत होती. मी मध्येच थांबले तरी जप थांबत नव्हता. कुणी मला 'तू म्हण' असं सांगितलं नाही.

सातव्या दिवसाचं मीस (चर्चमधली उपासना) झालं, महिन्याचं झालं. त्या महिन्याच्या मिसाला मी नकळत गायले. शेजारणीनं ते ऐकलं आणि काही न बोलता माझा हात दाबला.

ताई, तुमच्या शेजारीण बाई कोणत्या पंथाच्या?

माडावळ | सायंकाळी ६.१०

कॅथलिकच. मूळच्या वसईच्या, म्हणून मराठी आणि म्हणून माझी मैत्री. आमचा गट प्रॉटेस्टंट. त्यांच्या घरी संध्याकाळी तेर्स होतोच आहे, म्हणजे आम्ही जाऊ ते त्याच्यानंतर.

आंजेलुस | सायंकाळी ६.१८

मग तेर्साच्या वेळीच जा आणि मागं बसा. ४१ वं माणूस व्हा.

स्तुतियज्ञ | रविवार, दुपारी १२.५०

१६ वा अध्याय पुन्हा वाचला, उपासनेहून आल्यावर बायकोबरोबर. ती म्हणाली, 'आपण ८ महिने गायलो ते एकमेकांना विचारून. तू माझ्यावर लादलं असतंस तर मी १०३ वं स्तोत्र पुन्हा उघडलं नसतं.' हे तिनं मला ३ वर्षांत पहिल्यांदा सांगितलं.

स्तुती हा यज्ञ आहे, यावर मी अजून ठाम आहे. पण यज्ञ ज्याचा त्यानं आणायचा असतो. दुसऱ्याच्या गोठ्यातलं कोकरू मी आणून वाहू शकत नाही. ताई, माझं परवाचं 'जा आणि गा' मी मागे घेतो.

तारवटी | रविवार, रात्री ९.४०

जहाजावरून लिहितो आहे, नेट येतं-जातं. धागा एका बैठकीत वाचला.

१०७ व्या स्तोत्रात आमच्यासारख्यांवर एक तुकडा आहे, २३ व्या ओळीपासून. गलबतांतून समुद्रात जाणारे, महासागरावर उद्योग करणारे. वादळ उठतं, लाटा आकाशाला भिडतात, खलाशी दारुड्यासारखे झोकांड्या खातात आणि त्यांचं सगळं शहाणपण गिळलं जातं. तिथं हिब्रूत नीतिसूत्रांतलाच 'होख्मा' हा शब्द आहे, असं आमच्या जहाजावर येणाऱ्या एका पाद्रीनं सांगितलं होतं. होख्मा म्हणजे नुसता उपदेश नाही, हातातलं कसबसुद्धा. निर्गम ३१ मध्ये बसालेलाला देवानं सोनं, रुपं, लाकूड घडवायची जी बुद्धी दिली, तीही होख्माच. खलाशाचं सुकाणू धरणं, दोर बांधणं, तेही.

२२ वर्षं समुद्रावर आहे. दोनदा असं वादळ पाहिलं की इंजिन रूममध्ये कुणालाच काय करावं सुचेना. शिकलेलं सगळं संपलं. स्तोत्रात त्या वेळी ते लोक गात नाहीत हं. ते आरोळी मारतात. मग वारा पडतो, मग देव त्यांना बंदराला नेतो, आणि त्यानंतर ओळ येते की त्यांनी परमेश्वराची स्तुती करावी. क्रम असा आहे: शहाणपण संपतं, आरोळी निघते, बंदर येतं, मग गाणं. कुणाचं बंदर आठ दिवसांत येतं, कुणाचं साडेचार महिन्यांत.

तुमच्या शेजारीण बाई अजून भर समुद्रात आहेत.

खाजन | रात्री ९.५५

दादा, सुखरूप या.

चिकाळें | सोमवार, सकाळी ८.३०

ताई, गटाला काय सांगणार मग? तिथंच खरी अडचण आहे. माणसं दुखावतात.

माडावळ | सकाळी ९.१५

हो ना. मृदू उत्तरानं राग निवतो, १५:१. आज तेच घोकते आहे.

ठोकळी | मंगळवार, रात्री ११.१०

काय झालं, ताई? आज आठवण येत होती.

माडावळ | बुधवार, रात्री ९.००

काल रात्री लिहायचं त्राण नव्हतं.

सोमवारी गटातल्या ज्येष्ठ बाईंकडं गेले. माझ्या हातात पुस्तक देणाऱ्या त्याच. ओसरींचं २५:२० त्यांना वाचून दाखवायचं ठरवून गेले होते, पण तिथं पोचल्यावर ते वचन त्यांच्यावर फेकल्यासारखं होईल असं वाटलं. म्हणून फक्त माझं सांगितलं. साडेचार महिन्यांचं. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'माझी मुलगी गेली तेव्हा मलाही कुणीतरी तसंच सांगितलं होतं. मी रडलेच नाही. मला वाटलं तसंच करायचं असतं.' मुलगी २६ वर्षांपूर्वी गेली. आम्ही दोघी त्यांच्या पडवीत बसून रडलो. त्या मुलीचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं.

काल आम्ही गटातल्या पाचच जणी गेलो, तेर्साच्या वेळी. मागं भिंतीला टेकून बसलो. मी उकड्या तांदळाची पेज आणि खाराचं तोर (मिठात मुरवलेली कैरी) नेलं होतं. मुलांनी पेज खाल्ली. लोक उठल्यावर शेजारीण बाई म्हणाल्या, 'तुझ्या पुस्तकातलं काही वाच, पण आनंदाचं नको.' मी १३ वं वाचलं. सहाच ओळी आहेत. 'किती वेळ?' हे चौथ्यांदा आलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून मान हलवली. शेवटच्या ओळीत 'मी परमेश्वराला गीत गाईन' असं आहे, ती वाचावी की नाही, क्षणभर अडखळले. मग वाचली, कारण तिथं 'गाईन' आहे, पुढं कधीतरी. त्या म्हणाल्या, 'ती ओळ पेन्सिलीनं खूण करून ठेव, मला नंतर लागेल.' माझं बायबल त्यांच्याकडंच ठेवून आले.

गाणं झालं नाही. ज्येष्ठ बाई रात्री तिथंच राहिल्या, मुलांना निजवायला.

आंजेलुस | रात्री ९.२०

ताई...

तारवटी | गुरुवार, पहाटे ४.०५

वाचलं. आमची पहाटेची वॉच संपली आत्ता. खाली मेसमध्ये दोघं केरळचे, एक फिलिपिनो आणि मी, चौघांनी मिळून १३ वं म्हटलं, आपापल्या भाषेत.

पोदेराची सायकल | सकाळी ६.५०

ताई, बायबल त्यांच्याकडं आहे तर तुम्ही सकाळचा अध्याय कशातून वाचता? माझ्याकडं आजीचं एक जादा आहे, अक्षर मोठं. म्हापशाला शनिवारी येतो आहे, पावाबरोबर आणून देतो.

माडावळ | सकाळी ७.१०

आणा. शनिवारी सकाळी मी घरीच आहे, चहा घेऊन जा.